मोबिलिटी स्कूटर घेण्यापूर्वी घर, लिफ्ट आणि रस्ता मोजावा

माझ्या आईसाठी आम्ही पहिली मोबिलिटी स्कूटर घेतली तेव्हा आसन किती मऊ आहे, एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते आणि ती दिसायला भक्कम आहे की नाही, एवढेच पाहिले होते. गाडी चार चाकांची, दणकट आणि १२२ सेंटिमीटर लांब होती. ती घरी आल्यावर आमच्या ध्यानात आले की इमारतीची लिफ्ट सहा माणसांची असून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत तिच्यात जेमतेम १०० सेंटिमीटर जागा आहे. आई तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी पार्किंगमध्ये, अशी स्थिती झाली. घरापासून पार्किंगपर्यंतचे अंतर काठी टेकत चालून जाणे हेच तर तिला जमत नव्हते. सात महिने ती गाडी आच्छादन घालून उभी राहिली आणि शेवटी निम्म्याहून कमी किमतीत विकावी लागली. दुसरी गाडी घेताना आम्ही आधी मोजपट्टी घेतली आणि मगच दुकानात गेलो. त्या अनुभवातून, आणि त्यानंतर नात्यातल्या व ओळखीतल्या चार-पाच घरांना गाडी निवडण्यास मदत करताना जे समजले त्यातून, हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आपल्याकडे ‘स्कूटर’ म्हटले की दुचाकी डोळ्यांसमोर येते, आणि ‘अपंगांची स्कूटर’ म्हटले की मागे दोन जादा चाके बसवलेली दुचाकी. मोबिलिटी स्कूटर या दोहोंपेक्षा वेगळी असते. ती तीन किंवा चार लहान चाकांची, बॅटरीवर चालणारी, पाठ टेकता येईल असे आसन आणि पाय ठेवण्यासाठी सपाट फळी असलेली गाडी आहे. तिचा वेग साधारणपणे चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त असतो आणि ती समोरच्या उभ्या दांड्यावरील हँडलने वळवतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ साली ‘अमिगो’ नावाची अशी गाडी प्रथम बनवली, ती मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या आपल्या कुटुंबातील व्यक्तीसाठी. ज्यांना थोडे उभे राहता येते, चार पावले टाकता येतात, परंतु लांब चालवत नाही, अशा माणसांची गरज त्यांच्यासमोर होती. आजही ही गाडी मुख्यतः त्यांच्याच उपयोगाची आहे, आणि गाडी आपल्यासाठी योग्य आहे का हे ठरवताना हाच पहिला निकष ठेवावा.

गाडी कोणाला चालवता येईल

गुडघ्यांची झीज, आमवात, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा अशक्तपणा, पोलिओनंतर वाढत्या वयात आलेला थकवा, अशा कारणांनी चालणे मर्यादित झालेल्या व्यक्तीला मोबिलिटी स्कूटरचा चांगला उपयोग होतो. मात्र ती चालवण्यासाठी काही क्षमता शाबूत असाव्या लागतात. आधाराशिवाय अर्धा तास ताठ बसता आले पाहिजे. दोन्ही हात पुढे करून हँडल धरता आले पाहिजे आणि ते सतत पुढे ठेवल्याने खांदे दुखता कामा नयेत. मान वळवून मागे पाहता आले पाहिजे. आसनावर चढणे-उतरणे स्वतःला, किंवा एका माणसाच्या हलक्या आधाराने, जमले पाहिजे. यांपैकी बसण्याचा तोल किंवा हातांची पकड कमी असेल तर जॉयस्टिकवर चालणारी विजेची व्हीलचेअर अधिक सुरक्षित ठरते, कारण तिला बाजूचे आधार लावता येतात आणि ती एका हाताने, कोपर टेकवून चालवता येते.

नजर आणि सावधपणा यांविषयी घरातल्या माणसांनी प्रेमापोटी डोळेझाक करू नये. अर्धांगवायूनंतर काही रुग्णांना एका बाजूचे दृश्य दिसत नाही आणि त्याची जाणीव त्यांना स्वतःला नसते, त्यामुळे ते दाराच्या चौकटीला किंवा बाजूने चालणाऱ्या मुलाला धडकू शकतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली असेल, झोपेची किंवा चक्कर आणणारी औषधे चालू असतील, किंवा कंपवातात हालचाल मध्येच थबकत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. अशी तपासणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट उत्तम करतात, कारण हात, नजर, बसणे आणि घरातली रोजची कामे यांचा एकत्र विचार करणे हेच त्यांचे शास्त्र आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या कामासाठी ओळखली जाते, आणि बहुतेक मोठ्या शहरांतील वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांतही असा सल्ला मिळू शकतो.

हातांविषयी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. या गाड्यांचा वेग बहुधा हँडलखालील लहान लिव्हरने सांभाळतात. एका बाजूचे लिव्हर अंगठ्याने दाबले की गाडी पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूचे दाबले की मागे येते. चालताना ते सतत दाबून धरावे लागते. आमवाताने अंगठ्याचा सांधा सुजलेल्या माझ्या आईला हे दहा मिनिटांत असह्य झाले. काही गाड्यांचे हँडल बंद कडीसारखे, मनगट टेकवता येईल असे असते आणि त्यांचे लिव्हर चारही बोटांनी ओढता येते. अशा हातांना तेच सोसते. एक हात कमजोर असेल तर पुढे जाण्याचे लिव्हर डावीकडून उजवीकडे किंवा उलट बदलून मिळते का, हे विचारावे. अनेक गाड्यांमध्ये ते बदलता येते.

बिछान्यापासून बाजारापर्यंतचा मार्ग

गाडी पाहण्यापूर्वी एका कागदावर त्या व्यक्तीचा आठवड्याचा मार्ग लिहून काढावा. सकाळी बागेत, मंगळवारी देवळात, भाजी घ्यायला कोपऱ्यावर, महिन्यातून एकदा दवाखान्यात, दुपारी शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीकडे, असा तो अगदी बारीक लिहावा. मग मोजपट्टी घेऊन तो मार्ग स्वतः चालावा आणि सर्वांत अरुंद दार, सर्वांत तीव्र चढ, सर्वांत उंच पायरी आणि सर्वांत लहान वळण यांची मापे टिपावीत. या चार मापांत जी गाडी बसत नाही ती कितीही चांगली असली तरी त्या घरासाठी निरुपयोगी आहे. या चौघांपैकी जे एक अडते, तेच आपली गाडी निवडते.

दाराचे माप चौकटीचे घेऊ नये. दार पूर्ण उघडल्यावर फळीच्या आतल्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत जी मोकळी जागा उरते ती मोजावी. सेफ्टी डोअर असेल तर त्याचे वेगळे माप घ्यावे, कारण ते पुष्कळदा पूर्ण उघडत नाही. लहान गाड्यांची रुंदी साधारणपणे ४८ ते ५५ सेंटिमीटर असते आणि मोठ्या गाड्या ६० ते ७० सेंटिमीटरपर्यंत जातात. सरळ जाण्यासाठी दोन्ही बाजूंना किमान पाच-पाच सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि दारातून निघताच वळायचे असेल तर त्याहून जास्त. फ्लॅटच्या दारासमोर चपलांचे कपाट, कुंड्या किंवा शेजाऱ्यांची सायकल असते. ती हलवता येईल का, हे आधीच बोलून घ्यावे. घराच्या आत, विशेषतः न्हाणीघरात, गाडी नेण्याचा आग्रह धरू नये. तिथे वॉकर, भिंतीला लावलेल्या धरपट्ट्या आणि उंच आसन हेच योग्य.

लिफ्टकडे मी अधिक लक्ष द्यायला सांगेन, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या तिथेच उघड होतात. लिफ्टसाठीच्या भारतीय मानकात माणशी ६८ किलो वजन धरलेले आहे. त्याप्रमाणे चार माणसांची लिफ्ट आतून साधारण ११० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर खोल असते, सहा माणसांची ११० बाय १००, आठ माणसांची १३० बाय ११० आणि दहा माणसांची १३० बाय १३५. चार आणि सहा माणसांच्या लिफ्टचे दार ७० सेंटिमीटरचे आणि आठ व दहा माणसांच्या लिफ्टचे ८० सेंटिमीटरचे धरलेले आहे. तेरा माणसांची लिफ्ट २०० सेंटिमीटर रुंद असली तरी खोल ११० सेंटिमीटरच असते. म्हणजे माणसे जास्त मावतात म्हणून लांब गाडी सरळ आत जाईलच असे नाही, हे लक्षात ठेवावे. प्रत्यक्षात जुन्या इमारतींमध्ये, विशेषतः सरकत्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये, मापे याहून वेगळी आढळतात. म्हणून पाटीवरचा आकडा वाचून थांबू नये, आतून मोजावे. गाडीची लांबी लिफ्टच्या खोलीपेक्षा किमान पाच सेंटिमीटर कमी असावी. आत गेल्यावर वळायला जागा नसते, त्यामुळे बाहेर येताना मागे मागे यावे लागते. तेव्हा मागचे दिसत नाही, समोर कोणी उभे असते, आणि गाडीवर बसून बटणापर्यंत हात पोहोचला पाहिजे. वजनाचाही हिशेब करावा, कारण मोठी गाडी शंभर किलोच्या पुढे जाते आणि चालवणारा व सोबतचा माणूस मिळून चार माणसांच्या लिफ्टची २७२ किलोची मर्यादा जवळ येते.

ज्यांना हळूहळू चालत खाली येता येते त्यांनी गाडी पार्किंगमध्ये ठेवली तर लिफ्टचा प्रश्न सुटतो आणि मोठी, स्थिर गाडी घेता येते. मात्र तिथे चार्जिंगसाठी प्लग, पावसाच्या पाण्यापासून उंच जागा आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी मिळवावी. विजेच्या खर्चावरून वाद होऊ नये म्हणून समितीसमोर हिशेब मांडावा. लहान गाडीची बॅटरी पूर्ण रिकामी असताना भरायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते.

यानंतर चढ. इमारतीच्या दारात दोन-तीन पायऱ्या असतील तर रॅम्प लागेलच. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रॅम्पचा उतार एकास बारा सांगितला आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प. जागा नाही म्हणून दीड मीटरचा रॅम्प बांधून देणारे कंत्राटदार पुष्कळ असतात आणि असा रॅम्प गाडीला मागे उलटवू शकतो. आपल्या मार्गावरचा चढ मोजणे अवघड नाही. चढाची लांबी आणि त्याच्या दोन टोकांतील उंचीचा फरक मोजून लांबीला उंचीने भागावे. एकास बारा म्हणजे साधारण पावणेपाच अंश, एकास आठ म्हणजे सुमारे सात अंश आणि एकास सहा म्हणजे साडेनऊ अंश. गाडीच्या माहितीपत्रकात ती किती अंशांचा चढ चढते हे दिलेले असते. प्रवासासाठीच्या हलक्या गाड्यांच्या बाबतीत ते बहुधा सहा ते आठ अंशांच्या आसपास असते. तळघरातल्या पार्किंगचा उतार एकास आठ असेल तर अशी गाडी तिच्या मर्यादेच्या काठावर चालते, आणि चालवणाऱ्याचे वजन जास्त असेल तर ती चढणार नाही. चढताना नेहमी सरळ चढावे, तिरके कधीही चढू नये, आणि मध्येच वळण घेऊ नये.

फूटपाथ हा आपल्या शहरांतला सर्वांत दुःखद भाग आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फूटपाथच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे, परंतु अनेक रस्त्यांवर ती त्याहून उंच असते, उतार करून दिलेला नसतो, आणि उतार असलाच तर त्याच्या तोंडाशी दुचाकी उभ्या असतात किंवा अडथळ्याचे खांब रोवलेले असतात. लहान मोबिलिटी स्कूटर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा उंच कड चढू शकत नाही. मोठ्या गाड्याही दहा सेंटिमीटरच्या फार पुढे जात नाहीत. म्हणून फूटपाथवरून जाऊ असे गृहीत धरून गाडी घेऊ नये. आपल्या मार्गावर कुठे चढता येते आणि कुठे रस्त्याच्या कडेने जावे लागेल, हे पाहूनच निर्णय करावा. त्याचबरोबर सोसायटीच्या सभासदांनी मिळून प्रभाग कार्यालयाकडे उताराची लेखी मागणी करावी, कारण अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ नुसार सुगम वावर हा हक्क आहे. त्यात कोणाची मेहरबानी मागितली जात नाही.

तीन चाके की चार

तीन चाकांची गाडी लहान जागेत वळते आणि पाय ठेवायला पुढे मोकळी जागा मिळते. गुडघा दुमडत नसेल किंवा पाय लांब करून बसावे लागत असेल तर हा फायदा मोठा आहे. चार चाकांची गाडी वळायला जास्त जागा घेते, परंतु वळणावर आणि खडबडीत जमिनीवर अधिक स्थिर राहते. लहान तीनचाकी गाडीला वळायला साधारण ९० सेंटिमीटरची त्रिज्या लागते, तर मोठ्या चारचाकी गाडीला सव्वा ते दीड मीटर. इमारतीच्या आत, मॉलमध्ये किंवा दवाखान्याच्या सपाट फरशीवर तीन चाके उत्तम. आपल्या रस्त्यांवर मात्र गटारावरची जाळी, उखडलेले ब्लॉक आणि डांबराचे तुटलेले काठ असतात. तिथे पुढचे एकमेव चाक खड्ड्यात गेले की गाडी एका बाजूला कलते. मोकळ्या रस्त्यावर रोज जायचे असेल आणि लिफ्टची अडचण नसेल तर मी चार चाकेच सुचवेन. लिफ्ट लहान असेल तर तीन चाकांना पर्याय नाही, आणि मग वेगावर कठोर मर्यादा घालून घ्यावी. आमची दुसरी गाडी तीन चाकांची, ९४ सेंटिमीटर लांब आहे, आणि आई तिचा वेगाचा खटका निम्म्याच्या पुढे नेत नाही.

चाकांचा आकार आणि गाडीच्या पोटाखालची उंची यांकडे दुर्लक्ष होते. बाहेरदेशांच्या गुळगुळीत पदपथांसाठी बनलेल्या लहान गाड्यांचे पोट जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटरच वर असते आणि सोसायटीच्या फाटकातला रबरी गतिरोधक ओलांडताना ते घासते किंवा अडकते. गतिरोधकाची उंची मोजावी आणि त्याहून किमान दोन सेंटिमीटर जास्त उंचीची गाडी घ्यावी. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, म्हणून एकट्याने फिरणाऱ्यासाठी ते चांगले, परंतु त्यांचे हादरे मणक्याला बसतात. हवेचे टायर मऊ चालतात, पण त्यांची हवा दर पंधरवड्याला पाहावी लागते. कंबरेचे किंवा मानेचे दुखणे असेल तर स्प्रिंग असलेली, जाड आसनाची गाडी निवडावी आणि वजनाने ती थोडी जड झाली तरी ते मान्य करावे.

कोकणात लाल चिऱ्याच्या पायवाटा आणि उतार असतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात चाक रुतते. अशा गावांत शहरी मोबिलिटी स्कूटर फारशी टिकणार नाही. तिथे मोठ्या चाकांची मोटर बसवलेली तीनचाकी सायकल अधिक उपयोगी पडते. अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या, १९८१ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, कानपूरच्या एलिम्को या सार्वजनिक उपक्रमाने बनवलेल्या अशा तीनचाकी तीव्र अपंगत्व असलेल्या पात्र व्यक्तींना मिळतात. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तीचे ओळखपत्र, काढून ठेवावे व जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या समाजकल्याण विभागात शिबिराच्या तारखा विचाराव्यात. ज्यांच्याकडे चांगली हाताने चालवायची व्हीलचेअर आहे त्यांनी तिच्या पुढे जोडता येणाऱ्या मोटरच्या चाकाचाही विचार करावा. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशनचे निओबोल्ट याच प्रकारचे असून ते ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते. तो वेग तरुण आणि बळकट हातांसाठी आहे, वृद्धांसाठी नाही.

उचलणार कोण

घडीच्या किंवा सुटे भाग होणाऱ्या गाड्या विकताना ‘सहज डिकीत मावते’ असे सांगितले जाते. त्यावर तीन प्रश्न विचारावेत: सर्वांत जड भागाचे वजन किती, तो उचलणारा माणूस रोज कोण असणार, आणि डिकी कोणाची? पूर्ण घडी होणारी गाडी २२ ते ३० किलोची असते आणि ती कमरेच्या उंचीपर्यंत उचलावी लागते. सत्तरीतल्या पतीने हे रोज करणे म्हणजे घरात दुसरा रुग्ण तयार करणे होय. सुटे भाग होणाऱ्या गाडीत प्रत्येक भाग हलका असतो, पण जोडायला पाच-सहा मिनिटे आणि वाकणे लागते. आपल्याकडच्या कितीतरी मोटारींची डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली असते आणि टॅक्सींच्या बाबतीत तर ते गृहीतच धरावे. म्हणून गाडी आपल्या नेहमीच्या वाहनात प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. रिक्षात नेण्याचा विचार असेल तर जवळच्या स्टँडवर जाऊन, रिक्षावाल्या काकांना विनंती करून, आसनापुढच्या जागेचे माप घ्यावे. माप घेऊ देण्यास आम्हाला कोणीही नकार दिलेला नाही.

बॅटरी आणि अंतर

लहान गाड्यांमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तिच्यात किती ऊर्जा मावते ते वॉट-तासांत कळते. १२ अँपिअर-तासांच्या जोडीत २४ गुणिले १२, म्हणजे २८८ वॉट-तास. दोन गाड्यांची तुलना किलोमीटरच्या जाहिरातीवरून न करता या आकड्यावरून करावी. जाहिरातीतले अंतर हलक्या माणसाने, नवीन बॅटरीवर, सपाट जमिनीवर एकसारखे चालवून काढलेले असते. चढ, थांबत-थांबत जाणे, जास्त वजन आणि जुनी होत गेलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात ते बरेच घटते. मी जाहिरातीतल्या अंतराचे ६० टक्के धरतो आणि येण्या-जाण्याचा रोजचा मार्ग त्याच्या निम्म्यात बसवतो. पंधरा किलोमीटर लिहिले असेल तर नऊ धरावे आणि रोजची गरज साडेचार किलोमीटरची आहे का ते पाहावे. बहुतेक ज्येष्ठांची रोजची गरज तीन किलोमीटरच्या आतच असते, त्यामुळे फार मोठ्या बॅटरीसाठी वजन आणि पैसे खर्च करण्याचे कारण नसते.

शिसे-आम्लाची बंद बॅटरी स्वस्त आणि जड असते. अर्धवट रिकामी ठेवल्याने ती लवकर खराब होते, म्हणून गाडी वापरली त्या रात्री ती चार्ज करावी आणि मुलाकडे दोन महिने राहायला जाताना शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा चार्जिंग करायला सांगून जावे. लिथियमची बॅटरी हलकी आणि महाग असते व जास्त वर्षे टिकते. पण तिला नेमका तिच्यासाठीचाच चार्जर लावावा, आणि कपड्यांच्या कपाटाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दारात तिचे चार्जिंग करू नये. बॅटरी गाडीतून काढून घरात नेता येत असेल तर पार्किंगमधल्या प्लगची अडचणही दूर होते.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांनी बॅटरीचा विचार तिकिटाच्या आधी करावा. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, अशा गाडीतून काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंतची असावी लागते, किंवा दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० वॉट-तासांपर्यंतच्या, आणि त्या सोबत केबिनमध्ये नेतात. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॉट-तासांची होते, म्हणून ती त्या मर्यादेत बसते. वॉट-तासांचा आकडा बॅटरीवर छापलेला असल्याची खात्री करावी, त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि विमान कंपनीला आधी कळवून तिची लेखी संमती घ्यावी.

ब्रेक, पाऊस आणि वेग

या गाड्यांना दुचाकीसारखा ब्रेक बहुधा नसतो. लिव्हर सोडले की मोटर थांबते आणि विद्युतचुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. घाबरल्यावर माणूस हाताची मूठ आवळतो, हा स्वभाव आहे, आणि मूठ आवळली की गाडी पुढे जाते. म्हणून ‘भीती वाटली की हात सोडा’ हे नव्या चालकाकडून मोकळ्या जागेत पंचवीस-तीस वेळा करून घ्यावे. मागच्या बाजूला गाडी ढकलून नेण्यासाठी एक खटका असतो. तो फिरवला की ब्रेक सुटतो आणि गाडी मोकळी होते. माणूस बसलेला असताना, आणि उतारावर, तो खटका कधीही फिरवू नये.

वेगाचा अंदाज घेण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयोगी आहे. तिथे पदपथावर चालवण्याच्या गाड्यांना ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, आणि रस्त्यावर जाणाऱ्या गाड्यांना ताशी ८ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर अशी मर्यादा असते, आणि दुसऱ्या प्रकाराची नोंदणी करावी लागते. आपल्या सोसायटीत आणि गल्लीत पहिला वेग पुरेसा आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या बॅटरीच्या वाहनाला, अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासून प्रमाणित केले असेल तर, मोटार वाहन मानत नाहीत. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था आहे. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालवायचे असेल तर विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागावे, आणि मोटर त्याहून मोठी असेल तर आरटीओमध्ये विचारून मगच पैसे द्यावेत. रहदारीच्या मुख्य रस्त्यावर ही गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची उंची इतकी कमी असते की बसचालकाला आणि ट्रकचालकाला ती दिसत नाही. मागे उंच काठीला केशरी झेंडा आणि लाल दिवा लावावा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी अजिबात नेऊ नये, कारण मोटर आणि तिला वीज सोडणारा नियंत्रक आसनाखाली, जमिनीच्या अगदी जवळ असतात. हलक्या सरीसाठी हँडलवरच्या बटणांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे. गुळगुळीत फरशीच्या ओल्या पॅसेजमध्ये चाक घसरते, तिथे वेगाचा खटका कासवाच्या चिन्हावर ठेवावा.

पैसे देण्याच्या दिवशी

खरेदीपूर्वी विक्रेत्याला गाडी घरी आणून एक तास चालवू देण्यास सांगावे आणि तो तयार नसेल तर दुसरा पाहावा. त्या तासात लिखित मार्गावरची सर्वांत कठीण जागा आधी घ्यावी. गाडीच्या वजन पेलण्याच्या मर्यादेपेक्षा वीस किलो तरी कमी वजन तिच्यावर यावे, आणि त्यात भाजीची पिशवी व प्राणवायूची टाकी असेल तर तीही धरावी. बॅटऱ्यांची जोडी, नियंत्रक आणि चार्जर यांची आजची किंमत लेखी घ्यावी, कारण परदेशातून मागवलेल्या गाडीचा एक सुटा भाग मिळेपर्यंत महिने जातात. दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो की गाडी पाठवावी लागते, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. बिलावर वस्तूचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी ठरवलेला वस्तूचा वर्ग, पाहावा: अपंग व्यक्तींच्या गाड्यांसाठीचा ८७१३ हा वर्ग २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून ५ टक्क्यांच्या दरात ठेवलेला आहे. त्याऐवजी साधे विजेचे वाहन म्हणून बिल केले असेल तर कारण विचारावे.

वापरलेली गाडी घ्यायलाही हरकत नाही, कारण अनेक गाड्या फारशा न चालवता विकल्या जातात. आमची पहिली गाडी तशीच, दहा माणसांच्या लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या एका आजोबांकडे गेली आणि ती तिथे रोज वापरात आहे. मात्र जुन्या गाडीच्या बॅटऱ्या नव्या घालाव्या लागतील असे धरूनच किंमत ठरवावी, चढावर ब्रेक धरतो का हे तपासावे आणि मूळ चार्जर मागून घ्यावा.

गाडी आल्यावर पहिले दोन आठवडे सोबत एक माणूस चालत असावा, आणि तो गाडीच्या मागे न राहता बाजूने, चालवणाऱ्याला दिसेल असा चालावा. दुसरी किल्ली घरात, सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. ब्रेक सुटण्याचा खटका कुठे आहे आणि तो कधी फिरवायचा नाही, हे सोसायटीच्या वॉचमनला प्रत्यक्ष दाखवून ठेवावे, कारण बॅटरी फाटकाशीच संपली तर गाडी ढकलून आणायला पहिल्यांदा तोच येणार आहे.